नाझियाच्या नावावरचं सिम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बाबांना नाही, आईला तर नाहीच. एका व्यक्तीला ते ठाऊक आहे, पण तिलाही मी सांगितलेलं नाही — तिच्या डोळ्यांसमोर घडलं म्हणून ठाऊक आहे. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर — असू द्या. आता मागं फिरायचं नाही असं ठरवून बसले आहे. तरी बघा, अजून मुद्द्याला हात घातलेला नाही.

भीतीपासून सुरू करते. ती मला चांगली माहीत आहे.

अमरावतीत राजकमल चौकाच्या पुढे मी भाजी घेते. तिथल्या बाईच्या हातगाडीला एक छोटा स्पीकर बांधलेला आहे. कुणी फोनवरून पैसे दिले की तो बोलतो — एवढे रुपये मिळाले. दिवसभर बोलत असतो. लोकांना त्याचं काही वाटत नाही. मला तो आवाज ऐकला की मान वळवून मागं बघावंसं वाटतं. मी रोख देते. दवाखान्यातल्या सिस्टर हसतात — "मॅडम, तुमी अजून चिल्लर घेऊन फिरता?" मी म्हणते, सवय आहे. सवय कसली? माझ्या फोनवर पैसे आल्याची खूण दिसली की मी आधी पाठवणाऱ्याचं नाव शोधते. पगाराचे असले तरी. कुणाचे आहेत? कुठून आले? कोण विचारायला येईल?

मी डॉक्टर आहे. एमबीबीएस चीनमध्ये केलं. इथं आल्यावरची परीक्षा पास झाले, आता एका खासगी दवाखान्यात आहे. आमच्या वलगावातल्या विहारात माझा सत्कार झाला होता, शाल दिली होती. बाबा मास्तर, गावात त्यांना मान. मला पाठवायला त्यांनी काय काय केलं ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर ते कारण वाटेल, आणि मला कारण द्यायचं नाही.

तर — चीन. शहराचं नाव राहू द्या.

तिथं पोहोचल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की तिथं पैसे चालत नाहीत. म्हणजे नोटा. आमच्या होस्टेलच्या फाटकाशी एक म्हातारा वाफाळलेले पाव विकायचा. मी नोट पुढे केली की तो हात हलवायचा आणि गाडीवरच्या पाटीकडे बोट दाखवायचा. पाटीवर क्यूआर कोड. सगळे जण फोन दाखवून पाव घेऊन जायचे, आणि मी नोट धरून उभी. मागं रांग. त्याच्याकडे सुटे नसायचे, माझ्याकडे भाषा नव्हती. दुकानात तेच, बसमध्ये तेच. जेवणाच्या मेसमध्येसुद्धा तेच.

फोनमधलं वॉलेट उघडायचं तर तिथल्याच बँकेचं खातं हवं. आता म्हणे बाहेरची कार्डं चालतात, तेव्हा आमची चालत नव्हती. आणि माझं खातं उघडेना. पासपोर्टवर माझ्या नावातला 'ज्ञ' इंग्रजीत एका तऱ्हेनं लिहिलेला, कॉलेजच्या पत्रावर दुसऱ्या तऱ्हेनं. प्रज्ञा एकच, पण बँकेतल्या मुलीसाठी त्या दोन बाया होत्या. तिनं दोन्ही कागद शेजारी ठेवले, हसून परत दिले. मी पुन्हा गेले. पुन्हा परत दिले.

माझ्यासोबत खोलीत नाझिया होती. अकोल्याची. तिच्या वडिलांचा कूलर बनवायचा कारखाना — कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन-चार कारागीर. उन्हाळ्याच्या आधी तिथं पाय ठेवायला जागा नसते. एवढ्या दूर कुणी आपल्या वऱ्हाडीत 'काहून वं' म्हणणारं भेटलं, म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही दोघी रडलो होतो आणि मग हसलो होतो. तिचं खातं लगेच उघडलं. वॉलेट सुरू झालं. मग माझे पाव तिच्या फोनवरून, माझी भाजी तिच्या फोनवरून. मी नोटा तिच्या उशीखाली ठेवायचे, ती परत माझ्या पुस्तकात सरकवायची.

एक दिवस तीच म्हणाली, "असं किती दिवस मायामागं फिरशील वं? मी दुसरं सिम घेतो मायाच नावानं. त्याच्यावर वॉलेट टाकून देतो. तो फोन तू वापर." आमच्याकडच्या बाया बोलतात तसं ती बोलायची — घेतो, देतो.

तिनं दुसरं सिम घेतलं, स्वतःचा पासपोर्ट दाखवून. माझ्या जुन्या फोनमध्ये टाकलं, वॉलेट स्वतःच्या खात्याला जोडलं. फोन माझ्या हातात देताना एवढंच म्हणाली, "एक आयक प्रज्ञा. बाहेरच्या कोनाचे पैसे याच्यावर घेऊ नको. नाव मायं हाय."

मी म्हणाले, वेडी आहेस का, मी कशाला घेईन?

इथं थांबावंसं वाटतं. इथपर्यंत मी बरी मुलगी आहे.

कॉलेजात एक सिनिअर होता. दुसऱ्या राज्यातला. घरचे पैसे लवकर मिळवून देणारा म्हणून मुलं त्याला ओळखायची. तुमच्या वडिलांनी भारतात त्याच्या माणसाला रुपये द्यायचे, तो तिथं तुमच्या वॉलेटवर चिनी पैसे टाकणार. बँकेपेक्षा पटकन, बँकेपेक्षा स्वस्त. सुरुवातीला मी तेवढंच केलं. नाझियाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? ती नको म्हणाली असती म्हणून. म्हणजे चूक आहे हे मला तेव्हाच कळत होतं.

मग तो म्हणाला, तुझ्या वॉलेटवर अजून काही पैसे येतील, ते मी सांगेन त्या नंबरवर पुढे पाठव, थोडे स्वतःला ठेव. मी विचारलं नाही कुणाचे. मुद्दाम विचारलं नाही. पैसे यायचे, मी पुढे पाठवायचे, माझा वाटा राहायचा. त्यातून मी थंडीचा कोट घेतला, चांगला, लांब. मला गरज होती असं म्हणता येईल, पण साधा कोट माझ्याकडे होता. मला चांगला हवा होता. नाझियानं त्याची बाही चाचपून पाहिली आणि म्हणाली, मस्त हाय, बाबांनं पाठवले वाटते पैशे. मी हो म्हणाले.

एका सकाळी मेसमध्ये फोन पुढे केला तर वॉलेट चालेना. पडद्यावर लाल अक्षरं. मला ती वाचता येत होती तेवढी कळली — बंद केलं आहे, चौकशी सुरू आहे. पहिल्यांदा काय केलं असेल मी? नाझियाला हाक मारली असेल? नाही. मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली, आणि त्या सिनिअरशी झालेलं सगळं बोलणं माझ्या दोन्ही फोनमधून पुसलं. एकेक ओळ. त्याला फोन लावला, तो बंद. मग तोंड धुतलं, खोलीत आले आणि जुना फोन नाझियाच्या हातात दिला. म्हणाले, "हे बघ ना, चालून नाही राहिलं. तुझ्याच नावाचं आहे, तूच बघ."

तूच बघ. किती सहज बोलले. आणि त्या क्षणापासून फोन तिच्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसमधून तिला बोलावणं आलं. तिथून पोलीस ठाण्यात. जाण्याआधी तिनं मला विचारलं, "तू काई घेतलं का वं कोनाकडून? घेतलं असन तं आताच सांग. आपन दोघी मिळून सांगू." मी नाही म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिनं विश्वास ठेवला, आणि मला म्हणाली, चाल मायासोबत, मले भेव वाटून राहिलं. मी गेले.

ठाण्यातली खोली स्वच्छ होती. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. भिंतीवर घड्याळ, टेबलावर कागदी पेल्यात गरम पाणी. एक अधिकारी, आणि आमच्या कॉलेजच्या एक शिक्षिका दुभाषी म्हणून बसलेल्या. त्यांनी सांगितलं की एका म्हाताऱ्या बाईला फोनवर फसवून तिची जमा उचलली गेली, आणि त्यातले पैसे नाझियाच्या नावावरच्या या वॉलेटमधून पुढे गेले. ती बाई एकटी राहते, असंही सांगितलं. तोपर्यंत माझ्यासाठी ते फक्त पडद्यावरचे आकडे होते. त्या दिवशी त्यांच्यामागं एक म्हातारी उभी राहिली. तिचा चेहरा मी पाहिला नाही, पण डोळ्यांसमोरून ती आजही जात नाही.

नाझिया सगळं खरं बोलली. सिम माझं, खातं माझं, पण हा फोन माझी मैत्रीण वापरायची, कारण तिचं खातं उघडत नव्हतं. मग शिक्षिकेनं माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात इंग्रजीत विचारलं — हे खरं आहे का?

सांगायला किती वेळ लागला असता? एक वाक्य होतं. मी त्या घड्याळाकडे पाहत होते. माझ्या डोळ्यांपुढे वलगाव आलं, विमानतळावर निरोप देणारी आई आली, तुरुंग आला. आणि मी म्हणाले, फोन तिचाच आहे, मी भाजीपुरता मागून घ्यायचे, पैसे कुठून आले मला माहीत नाही.

नाझियानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादी ओळखीची व्यक्ती गर्दीत दिसावी, आणि जवळ गेल्यावर ती दुसरीच निघावी, तसं पाहिलं. मग ती समोर बघायला लागली. ती माझ्याबद्दल पुढे एक शब्दही बोलली नाही. अधिकाऱ्यानं विचारलं तेव्हाही नाही.

तिला तुरुंगात टाकलं नाही. पासपोर्ट ठेवून घेतला, बऱ्याच चकरा मारायला लावल्या, तिच्या खात्यातली रक्कम त्या बाईकडे वळवली. नाझियाच्या अब्बांनी पाठवलेले फीचे पैसे होते ते. सत्र संपलं तेव्हा तिचा राहण्याचा परवाना वाढवला नाही. कॉलेजनं नाव कमी केलं. मी तिची बॅग भरायला मदत केली. होय, मी. तिनं नको म्हटलं नाही, आभारही मानले नाहीत. विमानतळाच्या बसपाशी ती म्हणाली, "अभ्यास कर." बस.

ती गेल्यावर थोड्याच दिवसांत दोन्ही नावं माझीच आहेत असं आपल्या दूतावासाचं पत्र आलं, माझ्या नावाचा घोळ मिटला आणि माझं खातं उघडलं. मग माझ्या स्वतःच्या नावाचं वॉलेट. पावाच्या गाडीशी पहिल्यांदा ते वापरलं तेव्हा पासवर्ड दोनदा चुकवला. म्हाताऱ्याला वाटलं थंडीनं बोटं चालत नाहीत. पुढची सगळी वर्षं मी दर वेळी दार वाजलं की उठून उभी राहायचे. तो सिनिअर पुन्हा दिसला नाही. पकडला गेला असता तर त्यानं माझं नाव घेतलं असतं, म्हणून तो सापडू नये असं मला वाटायचं. त्या म्हातारीला लुबाडणारा माणूस सापडू नये — असं वाटणारी मी डॉक्टर होत होते.

सुट्टीत घरी आले तेव्हा बातमी आधीच पोहोचली होती. पालकांचे ग्रुप असतात, एजंट असतात. 'अकोल्याची ती मुलगी' एवढंच म्हणायचे, आणि पुढे तिच्या नावावरून आणि धर्मावरून जे बोलायचं ते बोलायचे. चांदूर बाजारहून माझी मावशी आली होती. ती म्हणाली, असल्यांचे धागे कुठं कुठं असतात, काय सांगावं. बाबा एकदम करड्या आवाजात म्हणाले, "पुराव्याशिवाय कोनाच्या लेकीवर बोलाचं नाही. आपल्यावर काय काय बोलत होते लोक, विसरली का?" मग बाबांनी मला विचारलं, "तू तं तिथंच होती. काय झालतं?"

बघा, पुन्हा एक संधी. स्वतःच्या घरात, जेवायच्या ताटावर, जगातल्या सगळ्यात न्यायी माणसानं विचारलेलं. मी म्हणाले, "मले नाही माहीत, बाबा."

मावशी जे बोलली ते अकोल्यातही लोक बोलले असणार. नाझियाचं ठरलेलं लग्न मोडलं हे मला नंतर कळलं.

शिक्षण संपवून आल्यावर एका लग्नाला मी अकोल्याला गेले. त्या शेडवर जायचं नाही असं ठरवलं होतं आणि रिक्षावाल्याला तिथलाच पत्ता सांगितला. का? तिनं मला चारचौघांत शिव्या द्याव्यात, म्हणजे सुटेन, असं काहीतरी मनात होतं. नाझिया नव्हती. तिचे अब्बा होते, पत्र्याला भोकं पाडत बसलेले. मी नाव सांगितलं तर ते उठले, हात पुसले, खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला.

"प्रज्ञा म्हंजे तूच का बेटा?" ते म्हणाले. "नाझियानं सांगतलं होतं. पोलिसात तिच्यासंगं कोनी जायला तयार नव्हतं, तू गेली होती. परदेसात कोन कोनासाठी एवढं करते? अल्ला तुले खूस ठेवो."

ते माझे आभार मानत होते. त्यांचे डोळे भरले होते. मी काय केलं? मी मान खाली घालून म्हणाले, "असं काही नाही, चाचा." त्यांना तो नम्रपणा वाटला.

तेवढ्यात नाझिया आली. स्कूटीवरून उतरली, मला पाहिलं, थबकली, मग नेहमीसारखी आत आली. कारागिराला दोन गोष्टी सांगितल्या. आता ते सगळं तीच बघते, अंजनगाव सुर्जीपर्यंत माल पाठवते. मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला.

"अब्बाले सांगू नको," ती म्हणाली. "तुले वाचवून नाही राहिली मी. त्यायले वाटते का तिथं आपली पोरगी एकटी नव्हती. तेवढ्यावर त्यायले झोप येते. थे राहू दे."

मी हो म्हणाले. आणि खरं सांगू? माझ्या छातीवरचं ओझं हललं. मला चूप राहायला आता एक चांगलं कारण मिळालं होतं, आणि ते तिनंच दिलं होतं. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी जवळजवळ सुखी होते.

यंदा उन्हाळ्यात चाचा गेले. मी मातीला गेले नाही, हिंमत झाली नाही. नंतर गेले. घर बायकांनी भरलेलं होतं. नाझिया मला आतल्या खोलीत घेऊन गेली, पाणी दिलं आणि म्हणाली, "आता अब्बा नाहीत. तुले कोनाले काई सांगाचं असन तं सांग. नसन सांगाचं तं नको सांगू. मी काई म्हननार नाई."

एवढी वर्षं मी चाचांच्या जाण्याची वाट पाहत होते का? नाही म्हणायला जीभ उचलत नाही. आणि त्याच वेळी, ते असेपर्यंत मी सुरक्षित होते, म्हणून ते जगावेत असं मला वाटत होतं. दोन्हींपैकी काय जास्त वाईट, मला ठरवता येत नाही.

त्यानंतरही मी गप्प राहिले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. रोज दवाखान्यात जाते, रोग्यांना म्हणते, खरं काय झालं ते सांगा, लपवू नका. आज हे लिहिते आहे. हे वाचून नवरा काय म्हणेल, ठाऊक नाही. बाबा काय म्हणतील ते मात्र ठाऊक आहे, आणि सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. माझी डॉक्टरकी राहील की नाही, कुणी विचारायला येईल की नाही, ठाऊक नाही. भीती गेलेली नाही. लिहिलं की जाते असं म्हणतात, तसं काही झालं नाही.

पैसे मी घेतले. पुढे मी पाठवले. नाझियाला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

इथवर लिहून काल दुपारी मी हे सगळं नाझियाला पाठवलं. छापायच्या आधी तिनं वाचावं म्हणून. संध्याकाळी तिचा निरोप आला. तिनं लिहिलं होतं, "सगळं बरोबर आहे, एक राहिलं आहे, ते टाक. ठाण्यातून बाहेर पडल्यावर पायऱ्यांवर मी थांबले होते, तेव्हा तू माझा हात घट्ट धरलास आणि म्हणालीस, घाबरू नको, मी आहे ना."

ते खरं आहे. मी ते म्हणाले होते. लिहिताना मला ते आठवत होतं.